ढोबळी मिरची बुडाशी काळी पडतेय

ए-४०३: मंडळी फोटो टाकलाय बघा जरा. बाल्कनीत ढोबळी मिरचीची चार झाडं आहेत, फळ लिंबाएवढं झालं की बुडाशी आधी पाणी भरल्यासारखा डाग येतो आणि मग काळा, चामड्यासारखा कोरडा होतो. सहा फळं गेली अशी 😔 बुरशीनाशक दोनदा मारलं, काही फरक नाही. नर्सरीवाला म्हणतोय कॅल्शियमचं औषध घाला. आणू का?

बी-१०२: आमच्याकडे पण सेम झालंय!! टोमॅटोला पण

सी-६०१: अगं बुरशीनाशक आधी थांबव, हा रोगच नाहीये. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं, आणि ते कमी पडतं ते मातीत नसतं म्हणून नाही, बहुतेक वेळा पाणी वेळेवर नसतं म्हणून. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं, पानं पाणी जास्त ओढतात म्हणून आधी त्यांना मिळतं, फळाचं बूड सगळ्यात शेवटी. संक्रांतीला तुम्ही गावी होतात तेव्हा आमच्या खिडकीतून दिसत होती तुझी झाडं, माना टाकून उभी होती बिचारी, आणि आल्यावर तू बादलीभर ओतलं असशील ना? सुकवायचं आणि मग बुडवायचं हे मिरचीला अजिबात चालत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात तसाही चुना भरपूर आहे, नळाला पांढरे थर बसतात बघ, मग अजून औषध कशाला.

ए-४०३: हो काकू अगदी तसंच झालं 🙈 मग आता काय करू

सी-६०१: डाग पडलेली फळं काढून टाक, ती सुधारत नाहीत, उगाच झाडाचा जीव खातात. चांगला भाग भाजीला चालेल. मग रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघ, कोरडं लागलं की खालून थोडं निथळेपर्यंत पाणी द्यायचं, ओलं असलं तर नाही. कुंडी केवढी आहे?

ए-४०३: ८ इंची असेल

सी-६०१: लहान आहे गं. एका झाडाला निदान १२ इंची कुंडी किंवा १५-२० लिटरची ग्रो बॅग लागते, ८ इंचात दुपारपर्यंत सगळं वाळून जातं. मोठ्या कुंडीत हलव, मुळं न मोडता अख्खा गोळा उचल, संध्याकाळी कर. वरून वाळलेला पाला नाहीतर उसाचं पाचट पसर, ओल टिकते. आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालणार असशील तर ते दोन-तीनदा धुऊन घे, न धुतलेल्यात क्षार असतात आणि ते कॅल्शियम धरूनही ठेवतं. मी धुवायचा कंटाळा केला होता त्या वर्षी पहिली सगळी फळं अशीच गेली होती, फार वाईट वाटलं होतं.

डी-२०५: अंड्याची टरफलं घातली तर चालेल ना काकू, आम्ही साठवलीयत

सी-६०१: घाला की, पण बारीक पूड करून, आणि ती विरघळायला महिने लागतात हे लक्षात ठेवा. आज टाकली आणि आठवड्यात डाग गेले असं होत नाही.

बी-१०२: माझी वेगळीच तऱ्हा, ऑक्टोबरमध्ये नुसती फुलं गळत होती, एक फळ धरेना

सी-६०१: ऑक्टोबर हीटच्या दुपारी! दिवसाचं ३२ च्या वर गेलं की ढोबळी फुलं टाकायला लागते. म्हणून मी रोपं ऑगस्टअखेरीस करते, फुलायला लागेपर्यंत थंडी आलेली असते. सुरुवातीची दोन-तीन फुलं मी स्वतःच खुडते, जिवावर येतं पण आधी झाडाला अंग धरू द्यायचं.

डी-२०५: आणि बाजारातल्या लाल ढोबळीच्या बिया लावल्या तर? हिरवीच्या उगवल्याच नाहीत

सी-६०१: हिरवी म्हणजे कच्चं फळ, त्यातलं बी पूर्ण तयार झालेलं नसतं. लाल-पिवळीचं उगवेल, पण ती बहुतेक हायब्रीड असतात, तशीच फळं येतील याचा भरवसा नाही. हायब्रीड नसलेली, साधी लावायची तर कॅलिफोर्निया वंडर ही जात घ्या. आणि हिरवी झाडावरच लाल व्हायला अजून दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात नवीन फुलं कमी येतात. मी दोनच फळं लाल करायला ठेवते, बाकी हिरवी तोडते. कापताना तो जो करकरीत आवाज येतो ना घरच्या मिरचीचा, बाजारातल्या मिरचीला तो मी कधी ऐकला नाही.

ए-१०१ सेक्रेटरी: छान माहिती काकू 🙏 गच्चीवर ठेवणाऱ्यांनी कुंड्या विटांवर ठेवा प्लीज, खाली पाणी साचलं की स्लॅबला ओल धरते

ए-४०३: काकू उद्याच १२ इंची आणते. अजून एक, पानं वर मुडपली आहेत दोन झाडांची

सी-६०१: कडा वर वळल्या तर बहुतेक फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळल्या तर कोळी कीड (माइट). पानाच्या पाठीमागे नीट बघ. एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवार. आठवड्यानं परत.

ए-४०३: करते. काकू शुक्रवारी परत तीन दिवस नाशिकला जातोय.. चावी देऊन ठेवू का?

सी-६०१: दे दे. सकाळी फिरून आले की घालते पाणी. तांब्या बाल्कनीतच ठेव.