कपॅसिटर बदलला की कॅल्क्युलेटर दुप्पट पळतो, पण ‘धोका काहीच नाही’ कसं?

मांजराकाठ, लातूर
काल एकानं टीआय-८३ प्लस या ग्राफ काढणाऱ्या कॅल्क्युलेटरबद्दल लिहिलं, “तो उघडा, एक कपॅसिटर बदला, वेग दुप्पट, धोका काहीच नाही.” वाचून राहवलं नाही. आतला झेड-८० प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याचा वेग ठरवणारा कपॅसिटर कमी क्षमतेचा घातला की तो पळतो, हे खरं. पण डिस्प्लेला प्रत्येक कमांडनंतर थोडी उसंत लागते. ती मिळाली नाही की स्क्रीनवर कचरा दिसतो. मधेच हँग झाला तर रॅममधले सगळे प्रोग्राम जातात. सेलही लवकर उतरतात. माझा तर उघडतानाच गेला. दुबईहून भावानं पाठवलेला. जुना कपॅसिटर ओढला अन् त्याच्यासोबत बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उखडून आला, तिळाएवढा. अजून डबीत ठेवलाय.

किनवटचा
तुमचा हात बसला नाही, त्यात कपॅसिटरचा काय दोष? माझा ३ वर्षं चालतोय. दोन्ही कपॅसिटर ठेवा, मधे छोटा स्विच. स्क्रीन बिघडली की मूळ वेगावर या. मोठा ग्राफ काढताना ताटकळत बसायचं कुणी?

परभणीकर
भाऊ, घरी अर्थिंग आहे का? दोन पिनच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला टेस्टर लावून बघा, दिवा लागतो. तेच टोक तुम्ही चिपच्या पायांजवळ टेकवता.

किनवटचा
गावात अर्धी घरं विनाअर्थिंगची आहेत. म्हणून कुणी काही करूच नये का?

बीडची वायरमनबाई
अर्थिंग नुसतं असून भागत नाही! मीठ-कोळशाचा खड्डा ओला लागतो. आमच्याकडं मार्चपासून कोरडा ठणठणीत. प्यायचं पाणी टँकरनं येतं, खड्ड्यात कोण ओतणार? मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना मोटारीच्या पेटीचा झटका बसला. हात अजून नीट वळत नाही.

मांजराकाठ, लातूर
ताई, अगदी बरोबर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आम्ही भांडी धुतलेलं पाणी खड्ड्यात टाकायचो.

किनवटचा
विषय कॅल्क्युलेटरचा होता. उगाच भीती घालू नका.

परभणीकर
भीती नाही. आयर्न तापवा, प्लग काढा, मग टाका लावा. एवढं तरी लिहायचं होतं त्या पोस्टीत.

किनवटचा
बरं, प्लग काढायचं मान्य. मी काढत नव्हतो.

मांजराकाठ, लातूर
अन् तुमचा स्विच मला मान्य. पण ‘धोका काहीच नाही’ हे वाक्य मागं घ्यायला लावा त्याला. पोरं ते वाचून बापाच्या पैशाची वस्तू उघडतात.