१ मे : वॉचमनकाकांना सुट्टी का नाही?

वाकडकर (प्रश्न):
आमच्या सोसायटीच्या फलकावर लिहिलंय, 'महाराष्ट्र दिन, झेंडावंदन सकाळी ८'. ते वाचून वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, हा कामगार दिन पण ना? मग माझी बारा तासांची ड्युटी कशी?" मला उत्तर देता आलं नाही. ही सुट्टी नेमकी कुणाची?

लालबागची लेक:
काकांचीच. भांडण बारा-चौदा तासांवरूनच सुरू झालं होतं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. साच्यांच्या खडखडाटानं कान गेलेले, घरातही ओरडूनच बोलायचे. रविवारी भोंगा नसायचा. मटण आणायला ते स्वतः जायचे, गावी पत्र लिहायचे, दुपारी आम्हा भावंडांना जवळ घेऊन झोपायचे. रविवार कुणी भांडून मिळवलाय हे मला फार उशिरा कळलं.

नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली. मागण्या बघा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. त्यासाठी सहा वर्षं लढावं लागलं. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जगात पहिला आंतरराष्ट्रीय मे दिन पाळला गेला तोही १८९० मध्येच. मला शाळेत हे कुणी सांगितलं नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

अजून एक. वडील बरीच वर्षं 'बदली' होते, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणारे. बदलीवाल्याला सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. आई कॅलेंडरवर सणांच्या तारखा बघून वाण्याची उधारी ठरवायची. म्हणून काकांना सुट्टी द्याल तेव्हा पगार कापू देऊ नका.

शिकागोजवळून:
तारीख इथली आहे. १ मे १८८६ ला आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेत मोठा संप झाला. ३ तारखेला शिकागोत मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधार्थ ४ तारखेला हेमार्केटमध्ये सभा झाली, तिथे बॉम्ब फुटला. तो कुणी टाकला हे सिद्ध झालंच नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी दिली. १८८९ च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं १ मे हा कामगारांचा दिवस ठरवला. आणि इथे त्या दिवशी मी कामावर जातो! अमेरिकेची कामगार सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते.

वाकडकर:
आणि महाराष्ट्र दिन?

लालबागची लेक:
राज्य झालं १ मे १९६० ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार रस्त्यावर होते, गोळ्याही त्यांनी खाल्ल्या. हुतात्मा चौकातला पुतळा नीट बघा, मशाल शेतकरी आणि कामगार दोघांच्या हातात आहे. फलकावर दोन्ही नावं लिहा.

आणि एजन्सीला विचारा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी (२०२५ पर्यंत ही अट दहाची होती) महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यात १ मे नाव घेऊन लिहिलाय.

वाकडकर:
एजन्सीला आजच फोन केला. पगार न कापता सुट्टी द्यायला तयार आहेत, पण बदली माणूस नाही म्हणाले. गेटवर आम्ही सभासद पाळ्या लावतोय. सकाळी सहा ते दहा मी.