वॉशिंग्टन यांनी पहिले न्यायाधीश कसे निवडले आणि रोजचा कारभार कसा सांभाळला?

बार्देशकर (म्हापसा):
सर्वांना नमस्कार. उच्च माध्यमिकच्या वर्गाला मी राज्यशास्त्र शिकवतो. अमेरिकेची राज्यघटना नुकतीच शिकवून झाली. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतात आणि सिनेट (तिथल्या संसदेचे वरिष्ठ सभागृह) संमती देते, असे फळ्यावर लिहिताच एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्याआधी सर्वोच्च न्यायालयच नव्हते, मग पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिली नावे कोणाला विचारून ठरवली?" आपल्याकडे 26 जानेवारी 1950 रोजी फेडरल कोर्टाचे न्यायाधीशच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यामुळे हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. दुसरी शंका माझी स्वतःची आहे. पूर्वीचा पायंडा नाही, तयार सचिवालय नाही, अशा स्थितीत हा मनुष्य रोजची कामे कशी उरकत असेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

साष्टीकर (मडगाव, वकिली व्यवसाय):
सर, तुमच्या विद्यार्थिनीने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. घटनेत 'एक सर्वोच्च न्यायालय असेल' एवढेच म्हटले होते. न्यायाधीश किती असावेत आणि खालची न्यायालये कोणती, हे काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) कायद्याने ठरवायचे होते. तो कायदा 24 सप्टेंबर 1789 रोजी वॉशिंग्टन यांच्या सहीने अमलात आला, आणि त्याच दिवशी त्यांनी सहाही नावे सिनेटकडे धाडली. सरन्यायाधीशपदासाठी न्यूयॉर्कचे जॉन जे. सहकारी म्हणून साउथ कॅरोलायनाचे रटलेज, मॅसॅच्युसेट्सचे कुशिंग, मेरीलँडचे हॅरिसन, पेनसिल्व्हेनियाचे विल्सन आणि व्हर्जिनियाचे ब्लेअर. दोन दिवसांत सिनेटची संमतीही आली.

एका दिवसात नावे सुचली असे मात्र नव्हे. 30 एप्रिलला शपथ झाल्यापासून, किंबहुना त्याआधीपासूनच, पदांसाठी अर्जांचा पाऊस पडत होता. जेम्स विल्सन यांनी तर सरन्यायाधीशपद आपल्याला मिळावे, असे स्वतःच पत्र लिहून कळवले होते. वॉशिंग्टन यांचे उत्तर सर्वांना साधारण एकाच वळणाचे असे: वेळ येईपर्यंत कोणालाही शब्द देणार नाही. विल्सन यांना पद मिळाले, पण मागितले ते नव्हे. सख्खा पुतण्या बुशरॉड याने व्हर्जिनियातील सरकारी वकिलाची जागा मागितली, तेव्हा काकांनी त्यालाही नकार कळवला. तुझ्याहून ज्येष्ठ आणि नावाजलेले वकील तिथे असताना तुला नेमले तर लोक काय म्हणतील, असा त्या पत्राचा रोख होता. (हाच बुशरॉड पुढे 1798 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, परंतु ती नेमणूक दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांची.) वशिल्याचे एवढे वावडे असलेला सत्ताधीश आपल्या न्यायालयाच्या आवारात अशिलांना सांगितला, तर ते हसतील.

निवडीच्या कसोट्या पाहिल्या तर तीन दिसतात. कायद्याचे ज्ञान आणि सार्वजनिक सेवेची पार्श्वभूमी. नव्या घटनेवर निष्ठा. आणि सहा जण सहा निरनिराळ्या राज्यांतले असणे. तिसऱ्या कसोटीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. नव्या केंद्रसत्तेविषयी राज्यांच्या मनात धास्ती होती, आणि न्यायदान दूरच्या परक्या माणसांच्या हाती गेले असे कोणत्याही भागाला वाटणे परवडणारे नव्हते. हॅरिसन यांची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ते वॉशिंग्टन यांचे सचिव होते, म्हणजे अगदी घरचा माणूस. संमती मिळाल्यावर काही दिवसांतच त्यांची मेरीलँडच्या चॅन्सेलरपदी (त्या राज्यातील एक वरिष्ठ न्यायिक पद) निवड झाली आणि त्यांनी केंद्राचे पद नाकारले. वॉशिंग्टन यांनी पुन्हा पत्र लिहून मनधरणी केली. जानेवारी 1790 मध्ये हॅरिसन निघालेही, पण वाटेत प्रकृती बिघडली, ते परतले आणि एप्रिलमध्ये वारले. त्यांच्या जागी नॉर्थ कॅरोलायनाचे जेम्स आयर्डेल आले. या राज्याने घटना नोव्हेंबर 1789 मध्ये स्वीकारली होती. आयर्डेल यांची विद्वत्ता तर आहेच, शिवाय त्या महत्त्वाच्या राज्यातील कोणालाही अद्याप केंद्राचे पद मिळालेले नाही, अशी कारणे वॉशिंग्टन यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहेत.

तिसवाडीकर (पणजी, निवृत्त शासकीय कर्मचारी):
दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण आवक-जावक आणि भेटीगाठी यांतच माझी नोकरी गेली. सुरुवातीला तेव्हाच्या राजधानीत, न्यूयॉर्कमध्ये, वॉशिंग्टन यांच्या चेरी स्ट्रीटवरील घरी न्याहारी संपल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असे. एकाला निरोप द्यावा तोवर दुसरा दारात हजर, आणि कागद उघडायलाही उसंत नाही. हे त्यांनी स्वतः पुढे एका पत्रात सविस्तर लिहिले आहे. मग मे 1789 मध्ये त्यांनी उपाध्यक्ष अ‍ॅडम्स आणि हॅमिल्टन, जॉन जे, मॅडिसन या विश्वासातल्या मंडळींना लेखी प्रश्न पाठवून सल्ला मागितला: आठवड्यातून किती वेळा भेटावे, जेवायला कोणाला बोलवावे, कोणाच्या घरी जावे की जाऊच नये. त्यातून घडी बसली ती अशी. मंगळवारी दुपारी तीन ते चार पुरुषांसाठी औपचारिक भेट, गुरुवारी पाहुण्यांसह भोजन आणि शुक्रवारी संध्याकाळी मार्था वॉशिंग्टन यांच्याकडील स्नेहभेट. मंगळवारी ते काळ्या मखमली पोशाखात, कमरेला तलवार लावून उभे राहत. हस्तांदोलन नाही, फक्त मान लववायची. हे राजदरबाराचे नाटक आहे, अशी टीका तेव्हाही झाली. मला ती अर्धीच पटते. तासाची मर्यादा नसती तर ती न्यायाधीशांची यादी कधी तयार झाली असती, कोण जाणे.

पत्रव्यवहारासाठी टोबायस लिअर, डेव्हिड हम्फ्रीज, विल्यम जॅक्सन असे मोजके सचिव होते. शिवाय जून 1789 मध्ये मांडीवर मोठे गळू झाले, ते डॉक्टर बार्ड यांनी कापून काढले, आणि कित्येक आठवडे या माणसाला एका कुशीवर पडून राहावे लागले. न्यायालयांचा कायदा काँग्रेसमध्ये आकार घेत होता, तो नेमका याच काळात.

अंत्रूजकर (फोंडा):
दोघांनीही उत्तम लिहिले आहे, तरी चित्र थोडे फार उजळ झाले असे वाटते. रटलेज यांनी संमती मिळूनही सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण बैठकीत एकदाही आसन घेतले नाही आणि 1791 मध्ये स्वतःच्या राज्यातील पदासाठी राजीनामा दिला. 1795 मध्ये जॉन जे न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाल्यावर त्याच रटलेज यांना वॉशिंग्टन यांनी सिनेटचे अधिवेशन नसताना सरन्यायाधीश नेमले, आणि डिसेंबरमध्ये सिनेटने 14 विरुद्ध 10 मतांनी ती नेमणूक फेटाळली. जे यांनी ब्रिटनशी केलेल्या तहावर रटलेज यांनी जाहीर सभेत तोंडसुख घेतले होते, ते त्यांना भोवले.

पद तरी तेव्हा कितीसे हवेहवेसे होते? वर्षातून दोनदा न्यायमूर्तींनी निरनिराळ्या राज्यांत फिरून न्यायदान करायचे, तेही खडबडीत रस्त्यांनी आणि खानावळींत मुक्काम करत. दक्षिणेकडच्या फेरीने आयर्डेल अक्षरशः मेटाकुटीला आले होते. 1 फेब्रुवारी 1790 रोजी न्यायालयाची पहिली बैठक भरली तेव्हा तिघेच हजर होते. गणसंख्या भरण्यासाठी दुसऱ्या दिवशी ब्लेअर येईपर्यंत थांबावे लागले. आपल्या गोव्यात 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. त्यामुळे न्यायमूर्ती आपल्या दारी येणे आपल्याला सुखावह वाटते. त्या सहा जणांना ती शिक्षा वाटत होती.

बार्देशकर:
तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न. न्यायाधीश स्वतः नेमले असल्यामुळे अडचणीच्या वेळी वॉशिंग्टन त्यांचा सल्ला घेत असत का? आपल्या राष्ट्रपतींना तशी मुभा आहे.

साष्टीकर:
होय, घ्यायचा प्रयत्न केला. आपल्याकडे अनुच्छेद 143 आहे. केरळ शिक्षण विधेयकावर 1958 मध्ये त्याखाली मत दिले गेले. तिथे तसे कलम नाही. 1793 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या युद्धात तटस्थ राहताना तहांचे अर्थ लावणे अवघड झाले, तेव्हा वॉशिंग्टन यांच्या वतीने परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी जुलैमध्ये न्यायमूर्तींना विचारणा केली आणि सोबत 29 प्रश्नांची यादी जोडली. ऑगस्टमध्ये जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यंत नम्र शब्दांत नकार दिला: शासनाची तीन अंगे एकमेकांना आवर घालण्यासाठी आहेत, आणि राष्ट्राध्यक्षांनी लेखी मते मागवावीत ती आपल्या खातेप्रमुखांकडून, असे घटनेनेच सुचवले आहे. वॉशिंग्टन यांनी हा नकार मुकाट्याने मान्य केला. तटस्थतेचे नियम अखेर मंत्रिमंडळानेच बसून तयार केले, आणि न्यायमूर्तींचे उत्तर येण्यापूर्वीच ते तयार झालेले होते.