'वॉक-ऑन' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बेसबॉलमध्ये कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून खेळतो. एका कॉलेजच्या बेसबॉल कोचने त्याला 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून यायला सांगितलंय. ताई म्हणते, निवड झाली. मला आपला 'वॉक-इन इंटरव्ह्यू' तेवढा माहीत. हे तसंच का? आणि मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : वॉक-इनशी गल्लत नको. वॉक-ऑन म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती न घेता संघात येणारा खेळाडू. कुणी सप्टेंबरात मैदानावर जाऊन चाचणी देतो, तो साधा वॉक-ऑन. प्रिफर्डला कोच स्वतःहून बोलावतो, बहुधा चाचणीही घेत नाही. फीसाठी खेळाचे पैसे मात्र दोघांनाही मिळत नाहीत. बेसबॉलमधल्या 'वॉक'शी (चार चेंडू 'बॉल', म्हणजे पट्ट्याबाहेरचे, पडले की फलंदाजाला मिळणारा पहिला बेस) किंवा 'वॉक-ऑफ'शी (यजमान संघाला जिंकवून सामना तिथल्या तिथे संपवणारा फटका) याचा काही संबंध नाही.

प्रतिसाद : शब्द तोच राहिला, पण त्याचं वजन घटलंय. कोविडपूर्वी डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटाच्या) बेसबॉल संघाला फक्त 11.7 शिष्यवृत्त्या असत. त्या जास्तीत जास्त 27 जणांत वाटायच्या आणि संघ 35 जणांचा. म्हणजे पूर्ण भरलेल्या संघात किमान आठ जण शिष्यवृत्तीशिवाय खेळत. जून 2025मध्ये न्यायालयाने 'हाउस' तडजोडीला (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या खटल्यातल्या) मंजुरी दिली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत आता शिष्यवृत्तीवर मर्यादा नाही, पण संघ 34 जणांचाच. पैसेवालं कॉलेज चौतिसाव्यालाही शिष्यवृत्ती देऊ शकतं. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) बाविशीतली, अनुभवी मुलं येतात. अठरा वर्षांच्या पोराला त्यांच्याशी झुंजावं लागतं. त्यामुळे मला या 'प्रिफर्ड'ची धास्ती वाटते. कोच मनापासून बोलत असेलही, पण तोंडी शब्दावर चार वर्षांची फी भरायची म्हणजे फार मोठी जोखीम.

प्रतिसाद : मराठीत सुटसुटीत एक शब्द नाही. बातमीत 'बिनशिष्यवृत्तीचा खेळाडू' चालेल, घरी बोलताना 'वॉक-ऑन'च ठेवा. 'निवड झाली' मात्र म्हणू नका, 'कोचने बोलावलंय' म्हणा. वॉक-ऑन कमी प्रतीचा असतो असंही नाही. बेसबॉलपटू डेव्हिड एकस्टीन फ्लोरिडा विद्यापीठात वॉक-ऑन म्हणूनच आला होता, आणि 2006च्या वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

प्रश्नकर्ता : मग ताईने कोचला काय विचारावं?

प्रतिसाद : सरळ विचारा : चौतिसांच्या यादीत याची जागा धरली आहे का? या वर्षी किती कॅचर आहेत, त्यातले किती पदवी घेऊन बाहेर पडतायत? गेल्या वर्षीच्या वॉक-ऑनपैकी वसंतातल्या मोसमात कितीजण टिकले? 'रेडशर्ट' करणार का, म्हणजे वर्षभर सराव करायचा, सामना नाही, पण खेळण्याच्या हक्काचं वर्ष शिल्लक राहतं? उत्तरं ईमेलवर मागून घ्या. डिव्हिजन थ्रीची कॉलेजंही बघा. तिथे खेळाची शिष्यवृत्ती कुणालाच नसते, त्यामुळे त्या बाबतीत सगळे एका रांगेत. आणि भाच्याला विचारा, दुखापत होऊन बेसबॉल सुटला तरी याच कॉलेजात शिकायला आवडेल का? 'नाही' म्हणाला, तर ते कॉलेज यादीतून काढा.