डॉकवर गाडी मागे घेणे : चूक ड्रायव्हरची की आवाराची?

राऊकर
परवा येथे एका गोदाम-व्यवस्थापकांनी लिहिले की, आजकालच्या ट्रक-ड्रायव्हरांना डॉकवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याला, गाडी मागे घेता येत नाही आणि रांगेत उभे राहण्याची रीतही त्यांना कोणी शिकवलेली नाही. त्याखाली माना डोलावणाऱ्यांची गर्दी पाहून मला राहवले नाही. वडिलांच्या दोन गाड्या इंदूर-मुंबई चालत असत आणि शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून सेंधव्याचा बिजासन घाट उतरलो आहे, त्यामुळे हा विषय मला ऐकीव नाही.

दहाचाकी मागे घेणे आणि 40 फुटी ट्रेलर मागे घेणे ही दोन निराळी कामे आहेत. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की शेपूट डावीकडे जाते, आणि ती वळू लागताच स्टिअरिंग उलटे फिरवून घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, तिच्या मागे न्यावा लागतो. त्यात क्षणभर उशीर झाला तर दोन्ही काटकोनात मुरडतात आणि पुन्हा पुढे ओढून नव्याने सुरुवात करावी लागते. घोड्यासह 50 फुटांहून लांब असलेल्या या गाडीला डॉकसमोर तिच्या दुपटीइतकी तरी मोकळी जागा हवी. इंदुरातल्या लसूडिया आणि देवास नाक्याकडच्या किती गोदामांत ती आहे? जुन्या ओट्यांचे आवार तेवढेच ठेवून मालकांनी फक्त शटर वाढवले, आणि फाटक असे पाडले की गाडी डाव्या अंगाने, म्हणजे ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजूने, आत घालावी लागते. अशा जागी जो चार वेळा पुढेमागे करतो आणि मध्येच उतरून मागे बघून येतो, त्याला मी अडाणी म्हणणार नाही.

गोदामवाला
आपण ज्यांच्यावर एवढे रागावलात तो मीच, आणि जागेचा मुद्दा मला मान्य आहे. आवार मी बांधलेले नाही. मात्र रांग मोडायला किती फूट जागा लागते, तेवढे सांगावे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका गृहस्थांनी सहा गाड्या ओलांडून मध्येच शेपूट घातली, शटरची चौकट वाकवली, लेव्हलरची, म्हणजे ओटा आणि गाडी जोडणाऱ्या फळीची, कड मोडली, आणि गाडी लावायची ती जागा तीन दिवस बंद राहिली. त्याच महिन्यात दुसऱ्याने बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही झाली असे समजून, फोर्कलिफ्ट लेव्हलरवर असतानाच गाडी पुढे काढली. चालवणारा मुलगा उडी मारून वाचला. तेव्हापासून मी चावी गेटवर जमा करून घेतो, आणि त्याला ड्रायव्हर अपमान म्हणतात.

घाटवाला
चावी मागितली याचा नव्हे, ज्या स्वरात मागितली जाते त्याचा अपमान वाटतो. मी बावीस वर्षे गाडी चालवली, त्याआधी चार वर्षे क्लीनर होतो, आणि खरा मुद्दा आपण दोघांनीही सोडला आहे. गाडी मागे घेणे हे एका माणसाचे काम कधीच नव्हते. उस्ताद स्टिअरिंगवर असत आणि मी मागे डाव्या कोपऱ्याला. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. माल उतरल्यावर रात्री ट्रान्सपोर्ट नगरात रिकामी गाडी ते माझ्या हाती देत आणि दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये घालायला लावत. आता मालकांनी क्लीनर काढून टाकला. मागे बघायला कोणी नाही आणि पुढचा ड्रायव्हर तयार करणाराही कोणी उरलेला नाही.

हिशेबनीस
काढून टाकला, कारण भाडे परवडत नाही. माझ्या चार गाड्या आहेत. डिझेल, टोल, टायर आणि हप्ता भागवून जे उरते त्यात दुसऱ्या माणसाचा पगार आणि खुराकी बसवून दाखवा, मी उद्याच क्लीनर ठेवतो. शिवाय प्रशिक्षणासाठी आता मान्यताप्राप्त केंद्रे आहेत, तेथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम 6 आठवड्यांत 38 तासांचा आहे.

घाटवाला
अडतीस तास! आमचे उस्ताद अडतीस दिवस नुसत्या काचा पुसायला लावत, आणि तेवढ्यात निदान आरशात काय दिसते अन् काय दिसत नाही ते तरी कळे.

रामबागकर
क्लीनरच्या आठवणी काढून येथे जे उसासे टाकले जात आहेत ते वाचून वाईट वाटले. माझा मामा सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गेला. उस्ताद चांगला होता, शिव्याही देत नसे. एका पहाटे मामा फाळका, म्हणजे गाडीचे मागचे झडप, आणि ओटा यांच्या मध्ये उभा राहून 'आने दो, आने दो' म्हणत होता; थाप मारायला पत्र्यापर्यंत हात पोहोचला नाही. पाय वाचला, पण तो आजही जिना एका पायाने चढतो. ज्या पद्धतीत कोवळे पोर गाडीच्या मागे उभे करून विद्या शिकवली जाते, ती गेली म्हणून मी तरी रडणार नाही.

घाटवाला
ताई, मामांचे वाईट झाले. परंतु त्यावरून आम्हा सगळ्यांना पोरे राबवणारे ठरवू नका. मी मागे उभा राहत असे तो कोपऱ्याबाहेर, आरशात दिसेल असा. फाळक्याच्या मागे उभे राहणाऱ्याला माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी कानशिलात दिली असती.

रामबागकर
म्हणजे शिक्षणाची सुरुवात कानशिलातच होती तर. आभारी आहे.

राऊकर
क्लीनरवरून आपण रात्रभर भांडू शकतो. मला ड्रायव्हरच्या वेळेबद्दल बोलायचे आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ठरवले होते, आणि टर्मिनलवरच्या निव्वळ हजेरीपैकी 15 मिनिटांहून कमी वेळ तेवढा कामात मोजायला सांगितले होते. डॉकवर नऊ तास बसणारा माणूस मग काय करत होता, विश्रांती? रांग मोडणारा बहुतेक वेळा रात्रभर ताटकळलेलाच असतो.

हिशेबनीस
त्या कायद्यातल्या कामाच्या तासांच्या व्याख्येत 'समाविष्ट' असा शब्द होता, 'तेवढाच' असा नव्हता. वकिली अर्धीच करू नये. बाकी ताटकळण्याबद्दल मी आपल्या बाजूचा आहे. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, आणि गेटवरचा रक्षक म्हणतो, एंजिन बंद करा. मे महिन्यात त्या एसीचे काय करायचे, ते गोदामवाल्यांनी सांगावे. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे, पैसे मागितले की पुढची फेरी दुसऱ्याला जाते, हेही त्यांना ठाऊक आहे.

गोदामवाला
सगळ्या वाहतूक धंद्याचे पाप माझ्या फाटकाशी आणून ठेवल्याबद्दल ऋणी आहे. एंजिन बंद ठेवण्याचा नियम मी बदलणार नाही, कारण धूर हमालांच्या तोंडावर जातो. टोकन मात्र गाडी आल्याच्या वेळेप्रमाणे देईन आणि ओळखीच्या गाड्या आधी घेणे बंद करीन. होय, ते होत असे. सोमवारपासून रात्रपाळीला एक रक्षक टॉर्च घेऊन मागे उभा राहील. चावी गेटवरच राहील.

रामबागकर
त्या रक्षकाला फाळक्याच्या मागे उभे करू नका, एवढी विनंती.

घाटवाला
डाव्या कोपऱ्याबाहेर, आरशात दिसेल असा उभा करा. ताईंशी येथे माझे एकमत आहे, नाइलाजाने. आणि 'आने दो' म्हणताना त्याचा मोबाइल आपल्याकडे गेटवर जमा असू द्या, आमच्या चावीशेजारी.