मदत हवी आहे: 40 पैकी 2, कॉन्फिडन्स इंटरव्हल कोणता छापायचा?

मुंबईतल्या वॉर्डनिहाय पाणीनमुन्यांचा अहवाल आहे. प्रत्येक वॉर्डात नमुने जेमतेम 40. एका ठिकाणी 2 दूषित, म्हणजे 5 टक्के. 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं असा अंदाज) मात्र मोजायच्या पद्धतीगणिक बदलतो:

वाल्ड: उणे 1.8 ते 11.8
विल्सन: 1.4 ते 16.5
क्लॉपर-पिअर्सन: 0.6 ते 16.9

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं प्रॉप.टेस्ट 0.9 ते 18.2 देतं, कारण त्यात कंटिन्युइटी करेक्शन (इंटरव्हल थोडा रुंद करणारी दुरुस्ती) आपोआप लागतं; करेक्ट=फॉल्स केलं की साधा विल्सन मिळतो. पायथनचं स्टॅट्समॉडेल्स पॅकेज काही न सांगता वाल्ड घेतं आणि उणे आकडा शून्यावर छाटतं, त्यामुळे गडबड दिसतच नाही. शून्य दूषित असलेल्या वॉर्डात तर वाल्ड 0 ते 0! तिथे विल्सन आणि क्लॉपर-पिअर्सन दोन्ही वरची मर्यादा 8.8 देतात.

वाल्ड बादच. माझा कल विल्सनकडे आहे. क्लॉपर-पिअर्सन गरजेपेक्षा रुंद वाटतो. पण किमान 95 टक्के कव्हरेजची (म्हणजे इंटरव्हलमध्ये खरं प्रमाण सापडण्याची) हमी या तिघांत तोच देतो. आरोग्याच्या अहवालात ती हवीच, असा आग्रह धरावा का?

दुसरं, एकाच इमारतीच्या टाकीतून तीन-चार नमुने घेतलेत. ते स्वतंत्र नाहीत, म्हणून वरचे सगळेच इंटरव्हल अरुंद ठरतील. डिझाइन इफेक्टने (नमुने स्वतंत्र नसल्यामुळे अनिश्चितता किती पट वाढते त्या आकड्याने) भागून आलेला प्रभावी नमुना-आकार विल्सनमध्ये घालावा, की आर-च्या सर्व्हे पॅकेजमधलं एसव्हीवायसीआयप्रॉप (अशा गटागटाने घेतलेल्या नमुन्यांसाठी इंटरव्हल काढणारं फंक्शन) वापरावं? दूषित नमुने इतके कमी असताना कोणतं टिकतं?