क्रॉल स्पेसमधली ओल: उन्हाळ्यात व्हेंट उघडे ठेवायचे की बंद?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरीला घर घेतलं, बांधकाम १९९४ चं. जून लागल्यापासून बेडरूममध्ये कुबट वास येतोय, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरलीय. टॉर्च घेऊन घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे रांगतच जाता येईल अशा बुटक्या पोकळीत, शिरले. जमिनीवरचं प्लॅस्टिक फाटलंय, एसीच्या डक्टवरून पाणी ठिबकतंय, तुळयांमधलं इन्सुलेशन भिजून लोंबतंय. एका कंपनीने सगळं बंदिस्त करायला साडेतेरा हजार डॉलर सांगितले. सासरे रत्नागिरीहून म्हणतात, "वारा खेळता ठेव, ओल आपोआप जाईल." बाळ रांगायला लागलंय, त्यामुळे जिवाला घोर लागलाय.

खटपट्या:
निशिगंधताई, सासऱ्यांचा सल्ला तिकडच्या घराला ठीक आहे, कारण तिथे घराच्या पोटात एसीचे गार डक्ट नसतात. आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं) ७० ते ७५ फॅरनहाइटपर्यंत जातो. डक्टचा पत्रा त्याहून बराच थंड. व्हेंटमधून, म्हणजे पायाच्या भिंतीतल्या झरोक्यांतून, ती दमट हवा आत आली की गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून सुटतं तसं पाणी सुटतं. म्हणजे वारा खेळवून तुम्ही उन्हाळाभर ओल आत घेताय. आपल्याच राज्यात प्रिन्सव्हिलला अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने बारा घरं मोजून पाहिली. बंद क्रॉल स्पेस व्हेंटवाल्यांपेक्षा कितीतरी कोरडे राहिले.

पण साडेतेरा हजारांवर सही करण्याआधी जोराच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीशीच पडत असेल तर पाईप वाढवून ते निदान पाच-सहा फूट लांब सोडा. मातीचा उतारही घराकडे नको, पहिल्या दहा फुटांत सहा इंच बाहेरच्या बाजूला हवा. हे न करता आत कितीही पैसे ओतले तरी पाणी येतच राहणार, आणि नेमकं हेच कंपनीवाले सांगत नाहीत.

मग जमीन. किमान सहा मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचं प्लॅस्टिक, जोडावर फूटभर एकावर एक, टेप मारून, भिंतीपर्यंत. ते झाल्यावरच व्हेंट बंद करा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) ५० ते ५५ टक्के आर्द्रतेवर लावा. त्याचं पाणी नळीने बाहेर काढा.

मृण्मयी_अटलांटा:
थांबा, आधी एक बघा. खाली गॅसची भट्टी किंवा वॉटर हीटर आहे का? तिथलीच हवा घेऊन जळणारं जुनं यंत्र असेल तर व्हेंट बंद केल्यावर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय एकही व्हेंट बंद करू नका. आणि भिंतीवर प्लॅस्टिक चढवाल तेव्हा वरची तीन इंच पट्टी मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढलेली दिसणारच नाही.

निशिगंध:
गॅसचं काही नाही खाली, विजेवर चालणारा हीट पंप आहे. पण काल पुन्हा आत गेले तर ड्रायरचा पाईप निसटलेला, कपड्यांची सगळी वाफ तिथेच! ओलावा मोजायचं मीटर आणलं, तुळयांत २२ टक्के दाखवतंय.

खटपट्या:
पाईप आजच जोडा, पत्र्याचाच वापरा. २२ म्हणजे बुरशीला पोषक. भिजलेलं इन्सुलेशन मास्क लावून काढून टाका आणि आकडा १५ च्या आसपास येईपर्यंत नवीन भरू नका. बाळाला तोवर दुसऱ्या खोलीत झोपवा.